जुन्या गाडीची लेदर सीट करकरते? आधी आवाज शोधा, मग बाटली उघडा

डिसेंबरातली सकाळ होती. गाडी रात्रभर उघड्यावर उभी, काचांवर दव. आईला घेऊन सप्तशृंगी गडावर निघालो होतो. कॉलनीच्या गतिरोधकावरून गाडी उतरली आणि आईच्या सीटमधून 'कर्रर्र' झालं. दिंडोरी येईपर्यंत प्रत्येक खड्ड्याला तोच आवाज. वणीजवळ आई हळूच म्हणाली, "अरे, माझ्या वजनानं वाजतेय का ही? मी मागे बसू का?" तिला तसं वाटावं याचं मला फार वाईट वाटलं. सीट वाजते यात बसणाऱ्याचा काय दोष!

गाडी 2010 सालची, लेदर सीटची, इंजिन अजून ठणठणीत. त्याआधी मी ती एका वर्कशॉपमध्ये दाखवली होती. तिथल्या मुलानं गंज सोडवायचं तेल थेट सीटच्या शिवणीत फवारलं. चार दिवस शांतता, पाचव्या दिवशी आवाज परत, आणि शिवणीच्या कडेनं बोटभर रुंदीचा काळपट डाग. तो डाग आजही आहे. त्यानंतर मी स्वतः हात घातला. तीन-चार रविवार गेले, पण सीट गप्प झाली. त्या रविवारांत जे कळलं ते क्रमानं लिहितो. हा क्रम मुद्दाम असा आहे: आधी फुकटची कामं, मग स्वस्तातली, आणि सीट काढायचं काम अगदी शेवटी. बहुतेकांना शेवटपर्यंत जावंच लागणार नाही.

चामडं वाजतं म्हणजे काय होतं

नवी कोल्हापुरी घालून चालून बघा. करकर वाजते, आणि हौशी माणूस तो आवाज मिरवतो. तिथे चामड्याचे दोन थर एकमेकांना धरतात, ताण वाढला की झटकन सुटतात, पुन्हा धरतात. ही धर-सोड सेकंदात कित्येकदा होते आणि आपल्याला ती करकर म्हणून ऐकू येते. सारंगीच्या गजाला राळ लावतात ती याच धर-सोडीसाठी. सीटच्या बाबतीत आपल्याला नेमकं उलट हवं असतं.

गाडीच्या सीटचं चामडं चपलेसारखं उघडं नसतं. बहुतेक गाड्यांत त्यावर रंगाचा आणि पॉलियुरेथेनचा पातळ लेप असतो. नवा असताना तो गुळगुळीत असतो, त्यामुळे दोन कडा घासल्या तरी आवाज होत नाही. वर्षानुवर्षं घाम, धूळ, केसांचं तेल आणि उन्हाचा मारा बसून तो लेप कुठे झिजतो, कुठे चिकट होतो. पाठ आणि बैठक जिथे भेटतात ती फट, बैठकीच्या बाजूचे फुगीर काठ आणि मधला कन्सोल (पुढच्या दोन सीटमधला खोका) जिथे एकमेकांना टेकतात ती जागा, या दोन ठिकाणी चामड्याचा खरा आवाज होतो. सपाट बैठकीतून तो क्वचितच येतो.

आपल्या नाशिकची हवाही यात भर घालते. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो, आणि उन्हात बंद उभ्या गाडीच्या आत त्याहून कितीतरी जास्त तापतं. डिसेंबर-जानेवारीत पहाटे तोच पारा 10 अंशांखाली, निफाडकडे आणखी खाली. प्लास्टिक, फोम, सीटवरचा लेप, सगळे थंडीत ताठरतात. म्हणून आवाज कधी येतो याची नोंद ठेवा. फक्त गार सकाळी येऊन दहाच्या उन्हात बंद होत असेल, तर संशय लेपावर, प्लास्टिकच्या झाकणांवर, फोमवर. बारा महिने सारखाच असेल, तर संशय लोखंडावर: बोल्ट, रेल (सीट जिच्यावर पुढे-मागे सरकते ती पट्टी), स्प्रिंग.

हे चामडं आहे की रेक्झिन?

हे आधी पक्कं करा. विकताना 'लेदर सीट' म्हटलेलं असलं तरी पुष्कळ गाड्यांत अंग टेकतं तेवढाच भाग चामड्याचा असतो. बाजू आणि मागची पाठ रेक्झिनची. बैठकीखाली हात घालून कापडाची उलटी बाजू चाचपा. चामड्याची उलटी बाजू मऊ, केसाळ, धागे सुटल्यासारखी लागते. रेक्झिनला मागून विणलेलं कापड असतं. रेक्झिनला लेदर कंडिशनर लावून काही मिळत नाही, वर नुसता तेलकटपणा राहतो. त्याला साबणाच्या फेसानं पुसणं पुरतं.

कंपनीच्या सीटवर बाहेरून शिवलेलं कव्हर चढवलेलं असेल तर ते काढून दोन दिवस गाडी चालवा. कव्हरचे हुक सीटखालच्या तारांवर घासतात आणि आपण उगाच चामड्याला दोष देत बसतो. सीटच्या बाजूला एअरबॅगची पट्टी शिवलेली असेल, तर तो भाग झाकणारं कव्हर पुन्हा चढवूच नका. अपघाताच्या वेळी एअरबॅग तिथून फाडून बाहेर यायची असते.

आवाज शोधणं: खरं काम इथेच आहे

या टप्प्याला एक अख्खी सकाळ द्या. घाई केली तर पुढचं सगळं अंदाजपंचे होतं.

गाडी आधी सीटखालून रिकामी करा. छत्री, पाण्याची बाटली, टूलकिट, मुलांची खेळणी, सगळं बाहेर. मागच्या बाजूला जॅक असेल तर तो घट्ट बसलाय का ते बघा. हेडरेस्ट उपसून काढा आणि थोडं अंतर चालवून बघा. दांड्यांच्या प्लास्टिक गाईडमधला ढिलेपणा पाठीतून आल्यासारखा ऐकू येतो. माझ्या एका मित्राच्या गाडीचा आवाज एवढ्यानंच गेला.

मग उभ्या गाडीत, इंजिन बंद, पंखा बंद, काचा बंद. एक जण सीटवर बसून हळूहळू डोलेल: आधी पुढे-मागे, मग डावीकडे-उजवीकडे, मग थोडं वर उठून पुन्हा टेकेल. दुसरा माणूस मोबाईलचा टॉर्च घेऊन खाली वाकेल आणि एक हात सीटच्या वेगवेगळ्या भागांवर ठेवत जाईल. कानापेक्षा इथे हाताचा भरवसा जास्त. सीटचा सांगाडा आतून पोकळ असतो, आवाज खालच्या कोपऱ्यात झाला तरी वरून ऐकू येतो. पण बोटांना थरथर जिथे जाणवते तीच खरी जागा. लाकडी स्वयंपाकी चमचा असेल तर त्याचं एक टोक संशयित जागेवर आणि दुसरं कानामागच्या हाडाला टेकवा. जुने मेकॅनिक लांब स्क्रूड्रायव्हरनं हेच करतात.

आवाजाची जात ओळखायला शिका. बारीक, ताणलेला 'कर्रर्र', वजन सरकवताना येणारा: चामडं चामड्यावर किंवा चामडं प्लास्टिकवर. 'चीं-चीं', खालून, प्रत्येक खड्ड्याला: स्प्रिंगची तार तिच्या आकड्यात घासतेय. ब्रेक मारताना एकच 'टक्' आणि गाडी सुटताना पुन्हा एक 'टक्': ढिला बोल्ट, रेलमधली मोकळीक, किंवा क्वचित सांगाड्याला गेलेला तडा. या तिसऱ्या आवाजाला हलक्यात घेऊ नका, तो सुरक्षेचा प्रश्न आहे.

यानंतर रस्त्यावरची परीक्षा. आपल्याकडे यासाठी फार चांगली सोय आहे. मुंबई-आग्रा महामार्गावरच्या शहरातल्या लांब उड्डाणपुलावर ठरावीक अंतरानं सांधे येतात आणि प्रत्येक सांध्याला गाडीला सारखाच हलका धक्का बसतो. पहाटे रहदारी नसताना डाव्या लेनमधून एका वेगानं जा. चालवणारा फक्त चालवेल. शोधायचं काम शेजारच्यानं करायचं. पहिल्या काही सांध्यांना काहीच न धरता ऐका. मग पुढच्या प्रत्येक सांध्याला एकेक गोष्ट हातानं घट्ट दाबून धरा: बेल्टचं बक्कल, कन्सोलची कड, पाठीच्या बाजूचं प्लास्टिक झाकण, बैठकीचा काठ. ज्या क्षणी आवाज थांबेल त्या क्षणी हात कुठे आहे ते बघा आणि तिथे कागदी चिकटपट्टीचा तुकडा लावून ठेवा. वळणावरच वाजणारी सीट असेल तर कसाऱ्याकडे चक्कर होईल तेव्हा घाटात लक्ष द्या. तिथे अंग बाजूच्या काठावर रेलतं आणि काठ-कन्सोलचं घासणं लगेच उघडं पडतं.

माझ्या गाडीत दोन आवाज एकात एक मिसळले होते. वरचा 'कर्रर्र' म्हणजे बेल्टचं बक्कल कन्सोलच्या चामड्याला घासत होतं. आईच्या सवयीप्रमाणे सीट पुढे ओढली की ते बरोबर त्या कडेवर यायचं; मी बसायचो तेव्हा सीट मागे, म्हणून मला महिनोन्महिने कळलंच नाही. दुसरा आवाज खालून, स्प्रिंगचा. तपासताना सीट ज्या माणसाची आहे त्याच्या मापानं लावा, हे मी त्यातून शिकलो.

काठ, बक्कल आणि कन्सोल

घासणारी जागा सापडली की उपाय सोपा असतो: मध्ये मऊ, न वाजणारं काहीतरी घाला. सर्वांत चांगलं फेल्टचं, म्हणजे दाबलेल्या लोकरीसारखं दिसणारं, मागे गोंद असलेलं कापड. सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतीलगतच्या हार्डवेअर दुकानात फेल्टची पट्टी मिळते; वायरिंगवर गुंडाळायची कापडी टेप ऑटोइलेक्ट्रिकलच्या दुकानात मिळते. दोन्ही आणून ठेवा.

बक्कलाच्या प्लास्टिकच्या बाजूला फेल्टचा नखाएवढा तुकडा लावा. बक्कलाच्या तोंडाला, लाल बटणाच्या आसपास किंवा आत काहीही जाता कामा नये. लावल्यावर बेल्ट दहादा अडकवून-सोडवून बघा. कन्सोलची कड वाजत असेल तर पट्टी कन्सोलला लावा, सीटच्या चामड्याला नाही; गोंद चामड्यावरचा लेप उचलून काढतो. लावण्याआधी प्लास्टिक आयसोप्रोपाइल अल्कोहोलनं पुसून कोरडं करा, नाहीतर आपल्या उन्हाळ्यात पट्टी आठवड्यात सुटते.

पाठीच्या आणि बैठकीच्या मधल्या फटीसाठी वेगळी युक्ती. फट दोन बोटांनी उघडा, आतली धूळ व्हॅक्यूमनं ओढा, ओलसर फडक्यानं पुसा, पूर्ण वाळू द्या. मग मऊ रंगाच्या ब्रशवर चिमूटभर साधी टॅल्कम पावडर घेऊन दोन्ही चामडी काठांवर फिरवा आणि उरलेली झटका. इतकं केल्यावर आवाज गेला, तर निदान पक्कं झालं: चामडं चामड्यावरच घासत होतं. पावडर महिना-दोन महिने टिकते. जास्त टिकाऊ हवं असेल तर पीटीएफईचा, म्हणजे टेफ्लॉनचा, कोरडा स्प्रे घ्या. तो ब्रशवर मारून मग ब्रश फटीत फिरवायचा; सीटवर सरळ फवारायचा नाही. आधी सीटच्या मागच्या न दिसणाऱ्या जागी लावून एक दिवस थांबा.

मागची सीट वाजत असेल तर पाठ जिथे अडकते ते कुलूप बघा. बॉडीवर इंग्रजी यू आकाराची लोखंडी कडी असते, तिच्यावर कुलूप खडखडतं. कडीवर कापडी टेपचा एकच वेढा पुरतो. वेढा दिल्यावर पाठ पुरती अडकते ना, हे जोरानं ओढून बघा.

सीटखालचं जग

सीट पूर्ण मागे न्या, पुढच्या रेल उघड्या पडतील. टूथब्रशनं खरवडा, व्हॅक्यूमनं ओढा, फडक्यानं जुनं काळं ग्रीस पुसा. मग सीट पूर्ण पुढे आणून मागच्या अर्ध्या भागाला तेच. माझ्या डाव्या रेलमध्ये दोन नाणी, एक हेअरपिन आणि एक मनुका निघाला. मनुका इतका वाळला होता की स्क्रूड्रायव्हरनं टोचून काढावा लागला. नाशिकच्या गाडीत दुसरं काय निघणार!

स्वच्छ रेलवर पांढऱ्या लिथियम ग्रीसचा पातळ हात फिरवा, सीट दहा वेळा पुढे-मागे करा आणि बाहेर आलेलं ग्रीस पुसून टाका. थापून ठेवलेलं ग्रीस धूळ धरतं आणि काही महिन्यांत त्याची खरखरीत पेस्ट होते. मग रेल आणखी झिजते. इंजिन ऑईल तर नकोच, ते ओघळून कार्पेटमध्ये जातं. प्लास्टिकच्या सांध्यांना मात्र लिथियम नाही, सिलिकॉनचं ग्रीस.

आता बोल्ट. पुढच्या सीटला साधारणपणे चार असतात, प्रत्येक कोपऱ्यात एक, पुष्कळदा प्लास्टिकच्या टोपीखाली लपलेले. बऱ्याच जपानी आणि कोरियन धाटणीच्या गाड्यांत 14 नंबरची गोटी (सॉकेट) लागते. युरोपियन गाड्यांत चांदणीच्या आकाराचे टॉर्क्स बोल्ट जास्त दिसतात. चुकीची गोटी लावून डोकं घासवू नका. चारही बोल्ट घट्ट आहेत का ते बघा. किती घट्ट, याचा आकडा गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिलेला असतो आणि तो टॉर्क पान्यानंच, म्हणजे ठरावीक जोरानं आवळणाऱ्या पान्यानं, साधायचा. ओळखीच्या गॅरेजमधून तासाभरासाठी टॉर्क पाना मागितला तर कोणी नाही म्हणत नाही. हवेच्या गननं हे बोल्ट आवळू नका. अपघातात माणूस आणि सीट गाडीला धरून ठेवणारे हेच चार बोल्ट.

सीट बाहेर काढावी लागली तर

इथपर्यंतचं सगळं करूनही खालून 'चीं-चीं' येत असेल, तर सीट काढून उलटी करावी लागेल. काम दोघांचं आहे. पुढची सीट साधारण वीस-पंचवीस किलोची असते, मोटरवाली त्याहून जड.

क्रम चुकवू नका. म्युझिक सिस्टीमला कोड लागत असेल तर तो आधी लिहून ठेवा. सीट मोटरवर चालणारी असेल तर बॅटरी जोडलेली असतानाच ती पुढे-मागे करून चारही बोल्ट सोडवून घ्या. बॅटरी काढल्यावर सीट हलणार नाही. मग चावी काढा, बॅटरीची निगेटिव्ह बाजू 10 नंबरच्या पान्यानं सोडवा आणि पंधरा मिनिटं थांबा. हे थांबणं एअरबॅगसाठी आहे: बॅटरी काढल्यावरही त्या यंत्रणेत थोडा वेळ विजेचा साठा राहतो. पुष्कळ जुन्या गाड्यांत सीटमध्ये एअरबॅग नसते, पण लेदर सीट देणाऱ्या वरच्या मॉडेलमध्ये ती असण्याची शक्यता जास्त. सीटखाली पिवळा प्लग दिसला की समजा तो एअरबॅगचा. त्याला मीटर लावून तपासायचा मोह नको. स्वतःच्या हाताचा भरवसा नसेल तर एवढं काम जाणकाराकडून करून घ्या, त्यात कमीपणा नाही.

थांबून झालं की सीट मागे कलंडवून खालचे प्लग त्यांची खिटी दाबून सोडवा. वायर ओढायची नाही. सोडवण्याआधी मोबाईलवर दोन फोटो काढा. दाराच्या उंबऱ्यावर जुनी चादर टाका, रेलच्या टोकदार कडा रंग ओरखडतात. आणि सीट बाहेर असताना चावी फिरवू नका, नाहीतर एअरबॅगचा दिवा लागून बसतो आणि तो घालवायला स्कॅनर लागतो.

सीट चादरीवर उलटी ठेवली की तळाशी नागमोडी तारा दिसतील. प्रत्येक तारेचं टोक सांगाड्याच्या आकड्यात अडकलेलं असतं आणि मध्ये प्लास्टिकची छोटी नळी किंवा टोपी असते. ती नळी झिजून फुटली की लोखंड लोखंडावर येतं. एकेक तार अंगठ्यानं दाबत जा. जी वाजेल तिच्या आकड्यापाशी चकचकीत घासलेली जागा दिसेल. माझ्या सीटला अशा दोन होत्या, दोन्ही मागच्या कडेला, जिथे सगळ्यात जास्त वजन येतं.

मी हे काम एका कुशनवाल्या काकांच्या दुकानात बसून केलं. त्यांनी सीट हातात घेतली, दोनदा दाबली आणि म्हणाले, "चामडं नाही वाजत दादा, तार वाजतेय. चामड्याला काय विचारता!" त्यांनी आकड्यापाशी तारेला कापडी टेपचे दोन घट्ट वेढे दिले, वर सिलिकॉन ग्रीसचा ठिपका, आणि तार परत बसवली. मी सायकलच्या ट्यूबचा तुकडा घेऊन गेलो होतो, तो त्यांनी बाजूला ठेवला. रबर काही दिवसांनी लोखंडाला चिकटतं आणि स्वतःच चिवचिवायला लागतं, असं त्यांचं म्हणणं. धर-सोडीचा तोच खेळ, त्यामुळे मला पटलं.

तारा आणि फोम यांच्यामध्ये पूर्वी कापडाचा थर असायचा. जुन्या सीटमध्ये तो कुजून गेलेला असतो आणि तार फोमला करवतीसारखी कापत जाते. सीटखाली पिवळसर भुसा पडलेला दिसला तर हेच चाललंय. तिथे फेल्टचा किंवा जाड मांजरपाटाचा तुकडा सरकवा. त्यासाठी चामडं सोलून काढायची गरज नसते, खालून तारांच्या मधून तो जातो. फोमच बसला असेल, म्हणजे बसल्यावर खालची तार ढुंगणाला लागत असेल, तर मात्र चामडं उघडावंच लागतं. ते काम कुशनवाल्याचं. आतल्या लोखंडी रिंगा कापून चामडं मोकळं करणं आणि पुन्हा सुरकुती न पडता ताणून बसवणं हा हाताचा सराव आहे, एका रविवारात येत नाही.

सांगाड्याला तडा दिसला तर तिथेच थांबा. फोम-चामडं अंगावर असताना वेल्डिंग करायचंच नाही, आणि एअरबॅग असलेल्या सीटच्या जवळ तर मुळीच नाही. मिळाला तर दुसरा चांगला सांगाडा बसवणं उत्तम.

परत बसवताना चारही बोल्ट आधी हातानं दोन-तीन फेरे लावून घ्या, मगच आवळा. एकच बोल्ट आधी आवळला तर उरलेले आट्यावर वाकडे चढतात. प्लग जोडा, मग बॅटरी, मग चावी. एअरबॅगचा दिवा काही सेकंद लागून विझला पाहिजे. शेवटी सीट वेगवेगळ्या खाचांत अडकवून अंगानं जोरात हलवून बघा, कुठेही सरकता कामा नये.

चामड्याची निगा

आवाज गेला तरी हे करा, म्हणजे तो लवकर परतणार नाही. आधी व्हॅक्यूम. मग पाण्यात सौम्य, आम्ल-अल्कली दोन्ही नसलेला साबण (लहान मुलांचा शाम्पू चालतो) घुसळून फक्त फेस उचला, पाणी नाही. मऊ ब्रशनं वीतभर भाग घासा, ओल्या पिळलेल्या फडक्यानं पुसा, कोरड्यानं टिपा, मग पुढचा भाग. पहिल्या फडक्याचा रंग बघून तुम्हाला कळेल की सीट कशानं चिकट झाली होती. भोकं-भोकं असलेल्या चामड्यावर फेस अगदी कमी, नाहीतर फोम ओला राहून वास मारतो. पावसाळ्यात त्र्यंबक-इगतपुरीकडून भिजलेले कपडे घेऊन परतलात तर त्याच दिवशी सीट पुसून दारं उघडी ठेवा.

सावलीत वाळल्यावर पाण्यावर आधारित लेदर कंडिशनर फडक्यावर घेऊन अगदी पातळ लावा आणि अर्ध्या तासानं कोरड्या फडक्यानं चोळून काढा. लेपामुळे ते फार आत जात नाही, म्हणून जास्त लावून उपयोग नाही. पण वरचा थर मऊ आणि कमी चिकट राहतो. वर्षातून तीन-चारदा पुरे: एकदा उन्हाळ्याआधी, एकदा पावसाळ्यानंतर, एकदा थंडीत. उन्हात गाडी लावताना काचेला ऊनपडदा लावा; कंडिशनरच्या दहा बाटल्यांपेक्षा तो जास्त काम करतो असं माझं ठाम मत आहे.

खोबरेल तेल लावू नका. घरात असतं आणि चामडं चकाकतं म्हणून पुष्कळ जण लावतात, पण ते धूळ धरतं, शिवणीच्या दोऱ्यात मुरतं, खवट होतं आणि थंडीत गोठून पांढरं पडतं. व्हॅसलिन, मोहरीचं तेल, बुटांचं पॉलिश, गंज सोडवायचं तेल, सगळ्यांना तोच नियम. सिलिकॉनचा चकचकीत डॅशबोर्ड स्प्रेही सीटवर नको: अंग घसरतं, आणि पुढे कधी चामड्याला रंग करायचा झाला तर तो रंग धरत नाही. पेडल आणि स्टिअरिंगला तर अशा कुठल्याही वस्तूचा हात लागू देऊ नका.

सीट काढली असेल तर आठवड्यानं चारही बोल्ट टॉर्क पान्यानं पुन्हा तपासा. माझ्या गाडीत मागच्या डाव्या बोल्टनं आणखी पाव फेरा घेतला. त्यानंतरच्या रविवारी आईला पुन्हा गडावर नेलं. तिची सीट तिच्या मापानं पुढे ओढलेली होती, आणि दिंडोरी सोडायच्या आत तिला झोप लागली.